भूकंपोत्तर सुरक्षित निर्गमन मार्गांचे नियोजन : किल्लारीचा अनुभव आणि पवनीसारखी जुनी नगरे

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत होती. शासकीय नोंदीनुसार या आपत्तीत ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. धक्क्याची तीव्रता रिश्टर मापकावर ६.४ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा आकडा मध्यमच म्हणावा लागेल. तरीही प्राणहानी एवढी मोठी का झाली, या प्रश्नाचे उत्तर भूगर्भात जितके आहे तितकेच घरांच्या बांधणीत आणि गावांच्या रचनेत आहे.

विदर्भातील अभ्यासकाने किल्लारीची आठवण ठेवावी, याला आणखी एक कारण आहे. १९९३ मध्ये लागू असलेल्या भारतीय मानक संस्थेच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात दाखविलेला होता. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला. २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत विदर्भाचा बहुतांश भाग दुसऱ्या क्षेत्रात आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी त्यातच मोडते. दुसरे क्षेत्र म्हणजे कमी धोका, हे खरे. परंतु कमी धोका म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे, हे किल्लारीने दाखवून दिले. २२ मे १९९७ रोजी पवनीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर उत्तरेस असलेल्या जबलपूरला मध्यरात्रीनंतर भूकंप झाला व त्यात सुमारे चाळीस माणसे दगावली. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातील मुलुगू परिसरात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर येथेही जमीन हलल्याचे लोकांना जाणवले.

या पार्श्वभूमीवर, मोठ्या भूकंपानंतर माणसांनी कोणत्या वाटेने बाहेर पडावे, कोठे एकत्र यावे आणि या वाटा आधी कशा ठरवाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा पवनीच्या प्रत्यक्ष सर्वेक्षणाचा अहवाल नसून अशा सर्वेक्षणाची रीत समजावून देण्याचा प्रयत्न आहे. जवळची वाट ती सुरक्षित वाट, ही आपली सर्वसाधारण समजूत भूकंपाच्या बाबतीत चुकीची ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

निर्गमन मार्ग : संकल्पना आणि मर्यादा

आग, पूर आणि भूकंप या तिन्ही आपत्तींत माणसांना बाहेर काढावे लागते. मात्र तिन्हींत मार्गाचा अर्थ वेगळा असतो. आगीत इमारत धोक्याची असते आणि रस्ता सुरक्षित. पुरात सखल भाग धोक्याचा असतो आणि पाणी चढण्यापूर्वी थोडा तरी अवधी मिळतो. भूकंपात मात्र घर आणि रस्ता या दोहोंवर एकाच क्षणी आघात होतो. जो रस्ता रात्री झोपताना रस्ता होता, तो पहाटे दगडमातीचा ढीग झालेला असू शकतो. म्हणून भूकंपोत्तर मार्गाचे नियोजन हे आज दिसणाऱ्या रस्त्यांचे नियोजन नसते. धक्क्यानंतर जे रस्ते शिल्लक राहतील, त्यांचे ते नियोजन असते.

येथे एक मर्यादा प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. भूकंपाचा तीव्र धक्का सामान्यतः काही सेकंद ते मिनिटभर टिकतो. या काळात धावत सुटणे हे बहुधा धोक्याचे ठरते, कारण कठडे, सज्जे, कवेलू आणि भिंतींचे दगड याच वेळी कोसळत असतात. पक्क्या इमारतीत असताना खाली वाकणे, भक्कम टेबलाखाली आडोसा घेणे आणि ते धरून ठेवणे, हा मान्य उपाय आहे. माती-दगडाच्या घरात दाराजवळच असलेल्या आणि समोर मोकळे अंगण असलेल्या माणसाने तत्काळ बाहेर पडणे श्रेयस्कर होय. निर्गमन मार्गाचा खरा उपयोग धक्का थांबल्यानंतर सुरू होतो. पुढील धक्के येण्यापूर्वी, मोडकळीस आलेल्या भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी पोहोचविणे हे त्याचे पहिले कार्य. जखमींना बाहेर नेणे आणि मदतीला आत येऊ देणे हे दुसरे. हे दुसरे कार्य नियोजनात नेहमी विसरले जाते.

किल्लारीचा अनुभव

किल्लारी परिसरातील पारंपरिक घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचून उभारलेल्या होत्या. त्यांची जाडी दोन-तीन फूट, कित्येकदा त्याहूनही अधिक असे. वर लाकडी पाटणीवर एक ते दोन फूट मातीचा थर असलेले धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारी ही रचना भूकंपात घातक ठरली. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे लांब दगड नसल्याने भिंती मधोमध फाटल्या. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा छत पेलून उभा राहिला, परंतु भोवतालच्या भिंती बोळात कोसळल्या. आत अडकलेल्या माणसाला बाहेर येण्यास वाट नव्हती आणि बाहेरून धावून येणाऱ्यालाही नव्हती.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घरच टिकले नाही तर रस्त्याच्या नियोजनाला अर्थ उरत नाही. सुरक्षित मार्गाचा आरंभ उंबरठ्यापासून होत नाही, तो अंथरुणापासून होतो. रात्री कोण कोणत्या भिंतीलगत निजते, डोक्यावर फळीवर काय ठेवले आहे, दाराची कडी अंधारात हाताला लागते का, हे मार्गाचेच प्रश्न आहेत. दुसरी, दाट गावठाणात एका घराची पडझड ही त्या घरापुरती राहत नाही. बोळाच्या तोंडाशी असलेली एक कमकुवत भिंत आतल्या दहा मजबूत घरांची वाट अडवू शकते.

किल्लारीत पूर्वसूचना अगदीच नव्हती असे नाही. ऑक्टोबर १९९२ पासून परिसराला लहान-मोठे धक्के जाणवत होते. काही काळ लोक घराबाहेर झोपले, पुढे धक्के विरळ झाले आणि मंडळी पुन्हा घरात निजू लागली. पुढचा धक्का केव्हा येईल हे सांगता येत नसले तरी आल्यास काय करायचे हे त्या वर्षभरात ठरविता आले असते. लहान धक्क्यांचा काळ हा नियोजनाचा काळ असतो, ही जाणीव समाजात व प्रशासनात रुजलेली नव्हती.

भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांत मदतपथकांबरोबर बघ्यांची आणि वाहनांचीही रीघ लागली. त्यात पावसाची भर पडली. बाहेर जाणाऱ्या जखमींची वाहने आणि आत येणारी मदत एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर आली म्हणजे दोन्ही थांबतात. बाहेर पडण्याची वाट आणि मदत येण्याची वाट शक्यतो वेगवेगळी असावी, हे तत्त्व यातूनच पुढे येते.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या वसाहतींत रस्ते रुंद व सरळ, घरे विरळ आणि बहुतांशी एकमजली आहेत. निर्गमनाच्या दृष्टीने ही रचना निश्चितच सुरक्षित आहे. मात्र शेजार तुटला, गाव पसरले, शेत लांब पडले, अशी खंतही तेथे व्यक्त झाली. जुनी नगरे पाडून नवी वसविणे हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नाही. जुन्या नगरातच वाटा कशा राखता येतील, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भूज आणि अंजार : तटबंदीतील नगरांचा धडा

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. गुजरातेत १३ हजारांहून अधिक माणसे दगावली. भूज हे तटबंदीचे जुने नगर. तटाच्या आतील अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या. अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीतील विद्यार्थी त्या वेळी अरुंद रस्त्यावरून जात होते. त्यांच्यावर दोन्ही बाजूंची घरे पडली. तेथे पुढे उभारलेले स्मारक १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षकांच्या स्मृतीस वाहिलेले आहे. ही मुले घराबाहेर, उघड्या आकाशाखाली होती. तरीही ती वाचली नाहीत. ‘बाहेर’ असणे आणि ‘मोकळ्या जागी’ असणे यांतील अंतर याहून अधिक स्पष्टपणे दुसरी कोणतीही घटना सांगू शकणार नाही.

भूजच्या पुनर्रचनेत तटबंदीच्या आतील भागासाठी आठ नगररचना योजना आखण्यात आल्या. प्रत्येक भूखंडातून काही जमीन घेऊन रस्ते रुंद करण्यात आले आणि लहान भूखंडधारकांकडून कमी जमीन घेण्याचे धोरण ठेवण्यात आले. हे काम भूकंपानंतर, घरे पडल्यावर झाले. आपत्तीपूर्वी तेच काम करू पाहणाऱ्या नगरपालिकेला मालकी हक्क, दुकाने आणि भावना यांच्याशी सामना करावा लागतो. सर्व रस्ते रुंद करणे कोणालाही शक्य नाही. पण दोन-तीन मोक्याच्या वाटा निवडून त्या राखणे शक्य असते.

ढिगाऱ्याचे साधे गणित

एखादी वाट भूकंपानंतर उरेल किंवा नाही, याचा ढोबळ अंदाज करण्यासाठी अभियांत्रिकीचे सखोल ज्ञान लागत नाही. दगडी किंवा विटांची भिंत अखंड आडवी पडली तर जमिनीवर ती आपल्या उंचीइतके अंतर व्यापते. प्रत्यक्षात भिंती बहुधा तुटून पायथ्याशीच ढीग होतात व कमी जागा अडवितात. परंतु नियोजनात सावध अंदाज धरणे इष्ट असते. तो पुढीलप्रमाणे मांडता येईल :

शिल्लक रुंदी = रस्त्याची रुंदी − (डाव्या बाजूच्या भिंतीची उंची + उजव्या बाजूच्या भिंतीची उंची)

उदाहरणार्थ, ३ मीटर रुंदीच्या बोळाला दोन्ही बाजूंनी ५ मीटर उंच घरे असतील तर शिल्लक रुंदी शून्याच्याही खाली जाते. असा बोळ भूकंपानंतर नाहीच, असे धरावे. ९ मीटर रुंदीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ३ मीटर उंचीची घरे असतील तर मध्ये ३ मीटर वाट उरते. एवढ्यात रुग्णवाहिका जाऊ शकते. रस्त्याच्या एका बाजूला मोकळे मैदान असेल तर गणित एकदम पालटते. यानुसार नगरातील वाटांचे तीन वर्ग पाडता येतील :

अ) वाहनवाट : शिल्लक रुंदी ३ मीटर किंवा अधिक. मदत आत आणण्यासाठी व जखमींना नेण्यासाठी.
ब) पायवाट : शिल्लक रुंदी १ ते ३ मीटर. पायी बाहेर पडण्यासाठी.
क) बंद वाट : शिल्लक रुंदी १ मीटरपेक्षा कमी. आराखड्यात गृहीत धरू नये.

हे सूत्र एक-दोन मजली माती-दगड-विटांच्या बांधकामाला लागू पडते. अनेक मजल्यांच्या काँक्रीट इमारती वेगळ्या रीतीने कोसळतात व त्यांची तपासणी अभियंत्याकडूनच व्हावी. याशिवाय आवारभिंती, पाण्याच्या उंच टाक्या, देवळांची शिखरे, वीजवाहक तारा, रोहित्रे आणि जाहिरातींचे फलक यांचीही नोंद वाटेगणिक घेणे आवश्यक आहे. लांबची पण रुंद वाट ही जवळच्या अरुंद वाटेपेक्षा श्रेष्ठ, हा निष्कर्ष या गणितातून आपोआपच निघतो.

पवनीची भूरचना आणि तिचे प्रश्न

पवनी हे वैनगंगेच्या काठावरील प्राचीन नगर आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी येथे केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. जगन्नाथ टेकडीचे नाव त्यामुळे अभ्यासकांना परिचित झाले. घाट व देवळे यांच्या विपुलतेमुळे पवनीला विदर्भाची काशी असेही म्हटले जाते. जुन्या वस्तीच्या एका अंगाला नदी आणि इतर अंगांना मातीचा प्राचीन तट व खंदक, अशी तिची ठेवण आहे. शत्रूला आत येऊ न देण्यासाठी उभारलेली ही रचना आहे. आत येण्याच्या वाटा मोजक्या ठेवल्या की बाहेर जाण्याच्या वाटाही मोजक्याच उरतात. म्हणून पवनीत नियोजनाचा आरंभ तटातील प्रत्येक दरवाजा व खिंडार मोजण्यापासून व्हावा. प्रत्येक ठिकाणी किती रुंदी आहे, वरचे जुने बांधकाम सैल आहे काय आणि ते ढासळल्यास पर्यायी खिंडार किती अंतरावर आहे, हे नकाशावर उतरविणे ही पहिली पायरी होय.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. दाट वस्तीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला स्वाभाविकपणे मोकळी जागा दिसते ती नदीकडे. घाट प्रशस्त आहेत, परिचित आहेत आणि तेथे डोक्यावर छप्पर नाही. परंतु पवनीच्या वरच्या अंगाला, तालुक्यातच, वैनगंगेवर गोसीखुर्द येथे इंदिरासागर धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाच्या धरणाची लांबी ११ किलोमीटरहून अधिक असून त्याला ३३ दरवाजे आहेत. मोठ्या भूकंपानंतर कोणत्याही धरणाची तातडीने तपासणी करावी लागते आणि गरज भासल्यास जलाशयाची पातळी कमी करण्यासाठी पाणीही सोडावे लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठ किती वेगाने पाण्याखाली जातो, हे दाखविले आहे. धरण असुरक्षित आहे असा याचा अर्थ नव्हे. तपासणीचा निर्वाळा मिळेपर्यंत धरणाखालच्या नदीपात्रात हजारो माणसे जमवू नयेत, एवढाच याचा अर्थ आहे. पवनीत सुरक्षित मार्गाची दिशा नदीकडे नव्हे, तर नदीपासून दूर, उंच जमिनीकडे असावी.

तिसरा मुद्दा तलावांचा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या यांच्या पाळी मातीच्या आहेत. कच्छच्या भूकंपात चांग, टप्पर इत्यादी मातीच्या धरणांना मोठे तडे गेले. त्या वर्षी अवर्षणामुळे जलाशयांत पाणी अल्प असल्याने पुढील अनर्थ टळला. भंडाऱ्यात पावसाळ्यानंतर तलाव भरलेले असतात. तलावाच्या पाळीखालची मोकळी जागा ही म्हणून टाळावयाची जागा आहे.

चौथा मुद्दा ऋतूचा. बाहेरगावच्या नियोजनकाराला नकाशावर गावाभोवती मोकळी शेते दिसतील. पण जुलै ते ऑक्टोबर या काळात तेथे धानाच्या बांध्यांत पाणी आणि चिखल असतो. म्हातारी माणसे व लहान मुले तेथे उभीही राहू शकत नाहीत. मे महिन्यात तीच शेते कोरडी, परंतु पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावलीविना असतात. त्यामुळे पवनीसारख्या गावाला पावसाळ्यासाठी एक आणि उन्हाळ्यासाठी एक, अशी एकत्र येण्याची दोन ठिकाणे ठरवावी लागतील.

एकत्र येण्याचे ठिकाण

मार्ग कोठे संपतो यावर मार्गाचे यश अवलंबून असते. १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमध्ये झालेल्या कांतो भूकंपानंतर टोकियोच्या होंजो भागातील सैनिकी कापडकोठाराच्या रिकाम्या मैदानावर हजारो माणसे आपल्या सामानासह जमली. भोवतालच्या आगी पसरल्या, सामानाने पेट घेतला, आगीचे वावटळ उठले आणि त्या एका मैदानावर सुमारे ३८ हजार माणसे जळून मेली. मैदान मोकळे होते, परंतु त्याभोवती लाकडी वस्ती होती आणि त्यावर जळण आणले गेले होते. आपल्याकडे तणसाचे ढीग, लाकडाच्या वखारी, गॅस सिलिंडरची कोठारे आणि पेट्रोलपंप यांच्यापासून ठिकाण दूर असणे अगत्याचे आहे. सामान न घेता निघावे, ही सूचनाही याच अनुभवातून आली आहे.

थोडक्यात, ठिकाण नदी व तलावाच्या पातळीपेक्षा उंच, भोवतालच्या सर्वांत उंच बांधकामापासून त्या बांधकामाच्या उंचीइतके तरी दूर, वीजवाहिन्यांखाली नसलेले, पिण्याच्या पाण्याची सोय असलेले आणि किमान दोन बाजूंनी वाट असलेले असावे. ते अंधारातही सापडावे, कारण मोठ्या धक्क्यानंतर वीज जाणार हे गृहीतच धरले पाहिजे.

महाविद्यालयापुरता आराखडा

संपूर्ण नगराचा आराखडा हे प्रशासनाचे कार्य आहे. परंतु प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या आवाराचा आराखडा स्वतः करणे सहज शक्य आहे. भूगोल, गणित, समाजशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने तो पुढील टप्प्यांत करावा.

१. नगर भूमापनाचा किंवा हाताने काढलेला नकाशा घेऊन आवारातील व महाविद्यालयाकडे येणाऱ्या सर्व वाटा फितीने मोजाव्यात. भिंतींची उंची, कठडे, टाक्या व तारा नोंदवून वाटांचे वरील तीन वर्ग पाडावेत.

२. दारांची क्षमता काढावी. ढोबळमानाने एक मीटर रुंदीच्या मोकळ्या वाटेतून मिनिटाला ६० ते ८० माणसे चालत बाहेर पडतात. समजा, एका इमारतीत ६०० विद्यार्थी आहेत आणि १.२ मीटर रुंदीचा एकच दरवाजा उघडा आहे. तर मिनिटाला सुमारे ७२ या दराने इमारत रिकामी होण्यास ८ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. कुलूप लावलेला दुसरा दरवाजा उघडा ठेवला तर हाच वेळ निम्मा होतो. बहुतेक ठिकाणी निर्गमनाची सर्वांत मोठी सुधारणा ही बांधकामाची नसून किल्लीची असते.

३. प्रत्येक मार्गाला पर्यायी मार्ग ठरवावा. दोन्ही मार्ग एकाच जिन्यावर किंवा एकाच आवारभिंतीजवळ येऊन मिळत असतील तर तो पर्याय नव्हे.

४. चालता न येणारे विद्यार्थी, गरोदर स्त्रिया, दृष्टिबाधित व वयस्क कर्मचारी यांच्यासाठी सोबती नेमावेत. त्यांचे वर्ग तळमजल्यावर घ्यावेत.

५. उपस्थितीपत्रक घेऊन बाहेर पडण्याची जबाबदारी त्या त्या तासाच्या अध्यापकाची असावी. मोजणी झाल्याशिवाय कोण आत राहिले हे कळत नाही आणि त्या शोधात दुसरे जीव धोक्यात येतात.

६. वर्षातून किमान दोनदा रंगीत तालीम घ्यावी. त्यांपैकी एक पावसाळ्यात असावी. एखाद्या तालमीत मुख्य वाट मुद्दाम बंद ठेवावी, म्हणजे पर्यायी वाट केवळ कागदावर आहे की पायांखालची आहे, हे कळेल.

निर्णय कोणी घ्यावयाचा

जपानमधील ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीतील दोन शाळांच्या कथा अध्यापकांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. कामाइशी शहरात एका माध्यमिक शाळेचे विद्यार्थी शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुलांचे हात धरून ठरलेल्या ठिकाणी पोहोचले. ते ठिकाणही पुरेसे सुरक्षित नाही असे दिसताच तेथे न थांबता अधिक उंचावर गेले आणि वाचले. त्यांना वर्षानुवर्षे सराव होता आणि आराखड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, अशी शिकवणही होती. याउलट ओकावा येथील प्राथमिक शाळेत मुलांना सुमारे पन्नास मिनिटे मैदानावर थांबविण्यात आले. पाठीशी टेकडी होती. परंतु कोठे जायचे यावर एकमत होईना. शेवटी नदीवरील पुलालगतच्या किंचित उंच जागेकडे नेण्याचे ठरले आणि वाटेतच लाटेने गाठले. ७४ विद्यार्थी व १० शिक्षक मृत्युमुखी पडले. पालकांनी दाखल केलेल्या दाव्यात न्यायालयाने शाळा व शिक्षणमंडळ यांची आपत्तीपूर्व तयारी अपुरी ठरविली आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पवनीला समुद्र नाही. परंतु धक्क्यानंतर नदीकडे जावे की टेकडीकडे, हा प्रश्न तेथेही तोच आहे. तो प्रश्न आपत्तीच्या क्षणी चर्चेला घ्यावा लागू नये, यासाठीच आराखडा असतो.

आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाने जिल्ह्याचा आराखडा करावयाचा असतो. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आवश्यक आहे. महाविद्यालयाने आपला नकाशा नगरपरिषदेस व तहसील कार्यालयास सादर करावा, धरणाच्या आराखड्यातील पूररेषा मागवून घ्यावी आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावेत. मदतीची वाट आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवण्याचा निर्णय अशा संयुक्त विचारातूनच होऊ शकतो.

समारोप

भूकंपाचे भाकीत करणारे शास्त्र अद्याप उपलब्ध नाही. परंतु भूकंपात कोणती भिंत पडेल आणि ती कोणती वाट अडवील, याचा अंदाज हातात फीत घेतलेला विद्यार्थीही आज करू शकतो. किल्लारीने घराचा, अंजारने रस्त्याचा, टोकियोने मैदानाचा आणि ओकावाने निर्णयाचा धडा दिला. हे चारही धडे एकत्र ठेवले तर सुरक्षित मार्ग म्हणजे अंथरुणापासून दारापर्यंत, दारापासून रुंद वाटेपर्यंत, वाटेपासून उंच मोकळ्या जागेपर्यंत आणि तेथून परत येणाऱ्या मदतीपर्यंत जाणारी एक अखंड साखळी आहे, असे दिसते. तिची एक कडी तुटली तरी उरलेल्या निरुपयोगी होतात.

पवनीसारख्या नगरात तट, खंदक, नदी, धरण, तलाव आणि धानाच्या बांध्या यांची माहिती बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा तेथील रहिवाशांना आणि विद्यार्थ्यांना अधिक असते. ती माहिती नकाशावर आणणे, हे महाविद्यालयाचे शैक्षणिक कार्य आहे आणि सामाजिक उत्तरदायित्वही. येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने निदान आपल्या आवारातील कुलूपबंद दारांची यादी करून या कामास प्रारंभ करावा. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही.